मास्तरांचं माप

मास्तरांचा सगळा जन्म शिंपीकामात, इंचाच्या टेपमागे गेला. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत त्याची कंबर किती ते मास्तर मनातल्या मनात सांगून मोकळे व्हायचे, आणि टेप लावल्यावर फार तर अर्धा इंच इकडेतिकडे. पण स्वतःच्या कमरेच्या बाबतीत हा माणूस ठार आंधळा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

वर्ष-दीड वर्ष त्यांच्या पँटी सैल होत होत्या. तुमच्याआमच्यासारखा माणूस पट्ट्याला नवीन भोक पाडतो आणि ते भोक रोज डोळ्यांत खुपत राहतं. मास्तरांना पट्टा हवाच कशाला? पँट ढिली वाटली की दुपारच्या निवांत वेळी ती मशीनवर घ्यायची, मागची शिवण उसवायची, कंबर आत घ्यायची, की पुन्हा अंगाबरोबर. काम इतकं सफाईदार, की घरात कुणाला पत्ता लागू नये. त्यांना स्वतःलाही आठवड्याभरात विसर पडायचा.

"पोट काय उतरलंय रे तुझं!" शेजारचा सलूनवाला म्हणायचा. शाळेपासूनचा दोस्त. "काय खातोस ते मलाही सांग."

"बायकोची बोलणी खातो. तुला पचायची नाहीत."

दोघंही खो खो हसायचे. मास्तर मग मशीनशेजारचा पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे. हल्ली पाणी फार लागायचं. त्यांच्या मते हा उन्हाळ्याचा दोष, आणि उन्हाळा संपल्यावर पंख्याचा. सुईत दोरा जाईना तेव्हा त्यांनी बल्ब बदलला. तरी जाईना, तेव्हा दोरेवाल्याचा उद्धार केला. शरीर सोडून जगातल्या सगळ्या वस्तूंवर त्यांनी खापर फोडून पाहिलं.

बायको मात्र दरवर्षी न चुकता तपासून घ्यायची. तिची थोरली बहीण "काही नाही गं, थकवा आहे" म्हणता म्हणता गेली, तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. तिचं ब्लडप्रेशर असंच एका तपासणीत सापडलं, आणि सकाळच्या एका गोळीवर ताब्यात राहिलं. दवाखान्यापर्यंत मास्तर तिला सोबत करायचे, आणि बाहेरच्या बाकड्यावर पेपर उघडून बसायचे.

"काका, आज तरी आत या," नर्स म्हणायची.

"मी सोबतीला आलोय. मला काय धाड भरलीये?"

खरं सांगायचं तर मास्तर घाबरत होते. आत गेलो आणि काही निघालं, तर? डोळे आणि हात, एवढंच त्यांचं भांडवल. त्यांत खोट निघाली असती तर दुकान कुणी चालवायचं? त्यापेक्षा न बघितलेलं बरं, असं त्यांना वाटायचं. वर स्वतःला ते धीट समजायचे, हा आणखी विनोद.

मग पुतण्याचं लग्न ठरलं, आणि बायकोने कपाटातून कोट काढला. मुलीच्या लग्नासाठी मास्तरांनी स्वतःच्या हाताने शिवलेला, एकदाच घातलेला. पँटी वेळोवेळी आत घेतल्या गेल्या; कोटाला कुणी हात लावला नव्हता.

मास्तरांनी तो अंगात घातला आणि आरशासमोर उभे राहिले. खांदे दंडावर उतरले होते. बटणं लावली तर पुढे आणखी एक माणूस मावला असता.

"कापड सुटलंय," मास्तर म्हणाले.

बायकोने खुर्चीवरची त्यांची रोजची पँट उचलली आणि उलटी केली. आत कमरेशी कापडाची जाड घडी, आणि तिच्यावर जुन्या टाक्यांच्या खुणा, एकीला लागून एक.

"अहो, हे काय चालवलं होतंत?"

"सैल व्हायची. आत घेत होतो."

"आणि सैल का होते, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

बायकोने मास्तरांच्या गळ्यातला टेप काढला आणि त्यांच्या छातीभोवती गुंडाळला. गावाची मापं घेणाऱ्या या माणसाचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं. तिने आकडा वाचला नाही. टेपचं टोक कुठवर गेलं ते बघून तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ते उपाशीपोटी दवाखान्यात गेले. तपासण्या झाल्या, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी, मग पुन्हा इकडे. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या मुलीएवढी.

"साखर खूप वाढलीये, काका. आणि ही कालपरवाची नाही. डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालाय. उजवा आपण सांभाळू. डाव्याची जेवढी नजर गेलीये, तेवढी मात्र परत येणार नाही."

"आधी कळलं असतं तर?"

"तर बहुतेक गोळ्या आणि पथ्यावर भागलं असतं. काकू दरवर्षी येतात की. तुम्ही तेव्हा कुठे असता?"

"बाहेर," मास्तर म्हणाले. "बाकड्यावर."

दुकान बंद पडलं नाही. आता सकाळी बायको येऊन बसते, सुया ओवते आणि उशीत ओळीने टोचून ठेवते. काज-बटणांची बारीक कामं मास्तर उजव्या डोळ्यावर करतात, सावकाश. वजन पुन्हा भरायला लागलंय. दर सुईगणिक आपल्या हट्टाचा ताण बायकोच्या डोळ्यांवर पडतोय, याचं त्यांना वाईट वाटतं. तिला तसं त्यांनी एकदा सांगितलंही. "सुया कमी मोडा म्हणजे झालं," ती म्हणाली.

परवा सलूनवाला एक पँट घेऊन आला.

"कमरेत जरा आत घे रे. बघ, आता माझंही पोट उतरलं!"

मास्तरांनी पँट उलटी केली. आत कमरेशी जाड घडी, टाक्यांच्या खुणा, एकीला लागून एक. टाके त्यांच्याच हातचे. कधी घातले, आठवतही नव्हतं. त्यांनी मान वर करून दोस्ताकडे नीट पाहिलं. गळ्याशी सदरा पोकळ झाला होता.

"तपासून कधी आलास?"

"छे! दवाखान्याची पायरी चढलो की काहीतरी काढतातच ते."

"ते काढत नाहीत. असतं, ते दाखवतात." मास्तरांनी पँटची घडी करून ती मांडीखाली घातली. "ही मिळणार नाही. उद्या सकाळी तयार राहा. चहासुद्धा घ्यायचा नाही."

"आणि तू काय, सोबतीला येणार?"

"येणार," मास्तर म्हणाले. "पण बाकड्यावर बसणार नाही. तुझ्याबरोबर आत येणार."