झरोका बुजवणे

धाकटीने हॉस्टेलचा फॉर्म भरून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवला होता.

ती नर्स आहे, कायमची रात्रपाळी. दिवसा झोपते, म्हणजे झोपायला बघते. तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे बसचं आगार आहे आणि बस मागे घेताना तिथे दिवसभर भोंगे वाजतात. गेल्या आठवड्यात एका पेशंटची गोळी दुसऱ्याच्या तोंडाशी नेऊन तिने हात मागे घेतला होता.

"शनिवारी जाते मी," ती म्हणाली. "त्या दिवशी वेळेवर कळलं. दर वेळी कळेलच असं नाही ना, ताई."

"भिंतीचं काम कालच संपलंय. मोजू तरी दे."

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आवाज मोजायचं मीटर आणलं होतं. काम सुरू होण्याआधी खोलीत अठ्ठावन्न डेसिबल होते. खिडकीला दुहेरी काच वर्षापूर्वीच बसवली होती. आता भिंतीला बाहेरून आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचा चार इंची थर, त्यावर जाळी आणि गिलावा. थर्माकोल चालणार नाही, ते उष्णता अडवतं, आवाज नाही, हे मिस्त्रीला तीनदा सांगून झालं होतं. माझ्या हिशोबाने पंचेचाळीसच्या खाली यायला हवं होतं.

आले पंचावन्न.

"बराच फरक पडलाय की," बाबा दारातून म्हणाले. बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने सोयीचं तेवढंच येतं.

धाकटीने स्टुलावर चढून कपाटावरची मोठी बॅग ओढली. माझ्या हातातल्या मीटरवरचा आकडा अठ्ठावन्नवर गेला.

"बॅग परत ठेव."

"ताई, आता पुरे."

"ठेव म्हणते ना."

तिने ठेवली. पंचावन्न. काढली. अठ्ठावन्न. मग मीच स्टुलावर चढले. कपाटाच्या वर, बॅगेमागे झाकलेला, वीतभर लांबी-रुंदीचा आमचा जुना झरोका सताड उघडा होता. बाहेरून त्याला नवी कोरी जाळीही बसवलेली होती. त्या भिंतीची बाहेरची बाजू आगाराच्या आवारात येते, घरातून दिसत नाही. मिस्त्रीला दिलेल्या कागदावर तिसरी ओळ माझ्याच अक्षरात होती: झरोका बुजवणे.

मी मिस्त्रीला फोन लावला.

"मॅडम, मोठ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा?" तो म्हणाला. "तुम्ही कागद दिलात. बाबांनी समोर उभं राहून सांगितलं."

मी बाबांकडे पाहिलं.

"भिंतीलाही श्वास लागतो," बाबा म्हणाले. "पोरगी दार-खिडकी लावून झोपते. गुदमरेल."

"मला का नाही विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

एवढी मोठी भिंत मढवून त्यात वीतभर भोक ठेवणं म्हणजे छत्रीला खिडकी ठेवणं. पण हवेचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. कागदावर मी फक्त आवाजाचा विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मान खाली घालून झरोक्याला दोनदा वळणारी लाकडी नळी बसवली, आतून लोकरीचं अस्तर लावलेली. हवा वळणं घेत आत येते, आवाज वाटेतच अस्तरात जिरतो. मीटरवर चव्वेचाळीस. धाकटी ड्यूटीवरून आली, आकड्याकडे न बघता आडवी झाली. भरलेली बॅग दाराशीच होती.

पाच तास खोलीत काही हालचाल नव्हती. मी दोनदा दाराला कान लावून आले.

मग बाबांनी काकांना फोन लावला. "आता घरात टाचणी पडली तरी ऐकू येते," ते सांगत होते, तीन घरं ऐकतील अशा आवाजात.

दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी.

"बाबा, आगार परवडलं हो तुमच्यापेक्षा."

बाबांनी फोन कानापासून दूर धरला. "काय म्हणतेय ती?"

"हळू बोला म्हणतेय," मी म्हणाले.

धाकटीने बॅग उघडली, तळाशी कोंबलेली आपली चादर ओढून काढली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. टेबलावरचा फॉर्म मी घडी करून कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला.