वाढू नकोस हं

उंची : एकशे बारा सेंटिमीटर.

फ्रॉकच्या खिशात अर्धी खबूस, इथली रोटी.

भिंतीवर टांगलेले नऊ पाय, एकही जोडी नाही.

मंगळवारचं विमान.

"आठ महिन्यांत एक मिलिमीटर नाही? वा!"

हे बोलला संदेश. मूळ देवगडचा, आता आखातात, मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये कृत्रिम पाय बनवतो. समोर नसीबा, सात वर्षांची, उपचारांसाठी येमेनहून आलेली. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. शेताच्या बांधावर सुरुंग होता. जवळच मुहर्रकला लीनामावशीबरोबर राहते. मंगळवारी दोघींनी परत जायचं. तिकडे पाय बदलून देणारं कुणी नाही.

म्हणून संदेश खूश. आठ महिन्यांपूर्वीचा पाय अजून फिट्ट बसत होता.

फिजिओथेरपिस्ट पॅट्रिशिया वजनकाट्याकडे बघत होती.

"संदेश, पोरगी दोन किलोनं उतरलीय रे."

"उन्हाळा होता, मॅडम. मी पण उतरलोय."

"तू? पोट बघ जरा आरशात."

सोबत आलेली लीना म्हणाली, खातच नाही. मासे मफी, भात मफी, काहीच नको. खबूस खिशात लपवते, मग मांजरांना घालते.

पॅट्रिशियानं तोडक्यामोडक्या अरबीत विचारलं, "का गं?"

नसीबानं संदेशकडे बोट दाखवलं. "त्यानं सांगितलंय."

(आठ महिन्यांपूर्वी. पहिला पाय चढवताना. संदेश, हसत, सगळ्याच मुलांना म्हणतो तसं : "लवकर वाढू नकोस हं. वाढलीस की हा पाय खलास.")

संदेश प्लास्टर ढवळत राहिला. ते घट्ट झालं. काठी बादलीत उभीच राहिली.

मग दुसरं कालवलं.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी घालवून त्यानं नवा पाय केला. आत चार थर. गुडघ्याशी उरलेला पाय भरला की एकेक थर सोलून काढायचा, खालची नळी थोडी लांबवायची. लीनाला दोनदा करून दाखवलं. तिच्याकडून दोनदा करून घेतलं. दीड वर्ष जाईल, म्हणाला. पुढचं तिनं विचारलं नाही.

सोमवारी तो नसीबापुढे जमिनीवर बसला.

"मी चेष्टा केली होती. आता खा. सगळं खा. वाढ."

"किती?"

"खूप."

तिनं नव्या पायात हात घालून थर चाचपले. एक, दोन, तीन, चार.

"एवढीच ना?"

संदेशनं पट्टा आवळला. एका भोकानं सैल केला. पुन्हा आवळला.

"यल्ला, चालून दाखव."

ती चालली. दारापर्यंत, परत.

तो सुरुंग पेरला गेला तेव्हा नसीबाच्या जन्माला अजून वर्ष होतं.