चुलतीचं सुतक

मारायचीच होती तर आत्या का नाही मारलीस, असं हेमाने, माझ्या बायकोने, मला नंतर विचारलं. मी म्हटलं, अगं, आत्या लग्न होऊन दुसऱ्या घरची झाली, तिचं दहा दिवस सुतक कसं लागेल? चुलतीच पाहिजे. आपल्याच आडनावाची. हे सगळं मी नीट विचार करून केलेलं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

खरं म्हणजे माझ्या बाबांना भाऊच नाही, त्यामुळे मला चुलतीही नाही. नसलेल्या बाईला मारलं तर कोणाचं काय बिघडलं?

हे केलं एका गेमसाठी. सहा वर्षं वाट बघत होतो त्याची. मी मानपाड्याला एका रंगाच्या कंपनीत स्टोअरला आहे. दिवसभर ड्रम आत घ्यायचे, ड्रम बाहेर काढायचे. घरी आलो की गॅस संपलाय, सोसायटीची मीटिंग आहे. गेममध्ये मी सरदार. घोडा, तलवार, सोबत चार साथीदार. कोणाला काय उत्तर द्यायचं ते मी ठरवायचं, आणि माझ्या एका उत्तराने गाव वाचायचं नाहीतर जळायचं. हसा, हसा. त्रेचाळिसाव्या वर्षी हसण्यासारखंच आहे. पण तुम्हाला दिवसातून एकदा तरी कोणी विचारतं का, की बाबा, आता काय करायचं ते तूच सांग? मला नाही विचारत.

सरळ रजा मिळाली नसती. स्टोअरला आम्ही दोघंच, मी आणि रतन, आणि गेम येणार नेमकी त्याच आठवड्याची रजा रतनला मंजूर झालेली. चौदा वर्षं सोबत आहोत. वर्तकनगरहून शीळफाट्यावरून रोज बाईकने येतो बिचारा. त्याची आई राजापूरकडे गावाला एकटी. दोन महिने फोनवर तिचा एकच धोशा, "एकदा येऊन जा रे बाबा."

पण सुतकापुढे कोणाची रजा टिकते! मी आवाज बसल्यासारखा करून साहेबांना फोन लावला, चुलती गेली म्हणून. तासाभरात रतनचाच फोन.

"सुद्या, तू बिनधास्त गावाला जा. मी माझी रजा मागे घेतली. तुझ्या घरात माणूस गेलंय. माझी आई काय कुठे पळून जातेय?"

तिथेच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "थँक्यू रे." एवढंच म्हटलं, हरामखोरासारखं.

हेमाला सांगितलेलं की मशिनरीच्या कामासाठी कंपनी बंद आहे. तिसऱ्या दिवशी तिला रतनच्या बायकोचा, भावनावहिनीचा, सांत्वनाचा फोन आला. हेमाने "हो, हो" करत ऐकून घेतलं, मग टीव्हीसमोर येऊन उभी राहिली.

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"अगं, मला चुलती नाहीच."

"चुलती नाही ना? मग रजा कोणाची गेली?"

मी कानाला हेडफोन लावले.

शुक्रवारी मी गेममधल्या एका म्हातारीची हरवलेली शेळी शोधत होतो. पाऊण तास घालवला. शनिवारी सकाळी कंपनीच्या ग्रुपवर मेसेज आला: रतनची आई पहाटे झोपेतच गेली.

मी शर्ट चढवला, बूट घातले आणि दारातच थांबलो. कुठे जाणार? सगळ्या कंपनीच्या लेखी मी माझ्या गावाला, सुतकात. सुतकातला माणूस दुसऱ्याच्या मयताला कसा जाईल? बूट काढले. त्या दिवशी गेम लावला नाही, जेवलोही नाही. रतनला आईचं तोंड तेवढं बघायला मिळालं, बोलायला नाही.

स्टोअर बंद पडलं, म्हणून साहेबांनी मला सोमवारीच बोलावून घेतलं. जाताना मी मिशी उतरवून गेलो, खरं वाटावं म्हणून. थू माझ्यावर. सगळे येऊन खांद्यावर हात ठेवून गेले.

तेरावं आटपून रतन परत आला, त्या रविवारी मी त्याला भेटायला निघालो. हेमा म्हणाली, "खरं सांगितल्याशिवाय घरी येऊ नकोस." गेमची डिस्क रतनच्या मुलीला, दिशाला द्यायला पिशवीत टाकली. मला ती घरात नकोच होती. शीळफाट्याला ट्रेलर आडवा झालेला, सगळं जाम. मी स्कूटरवर बसून घोकत होतो: रतन, माझ्या घरात कोणी गेलं नव्हतं. सात-आठ वेळा म्हटलं. शब्द साधे होते. जमेल असं वाटलं.

रतनचं डोकं भादरलेलं. डोळे आत गेलेले. मला बघून त्याने सतरंजीवर जागा केली.

"बरं झालं आलास. तुला कळेल. बाकीचे नुसतं बोलतात." मग म्हणाला, "आईने गुरुवारी फोनवर विचारलं, तुझ्या मित्राचं कोण गेलं रे? म्हणाली, त्याला सावर आधी. मी आहे की इथे."

 मी म्हणालो, "रतन, मला एक सांगायचंय."

"मला माहितीये."

मी पिशवी मागे सरकवली.

"तू खेळत होतास ना? तू दिशाला तुझं गेमचं जुनं मशीन दिलंयस, त्यावर दिसतं कोण खेळतंय ते. पोरगी म्हणाली, बाबा, काकांकडे सुतक आणि काका दिवसभर गेमवर. मी तिला झापली. म्हटलं, गावाहून लवकर परतला असेल. दुःखात माणूस कशात तरी डोकं घालतो, तू तोंड बंद ठेव. कंपनीतही कोणाला बोललो नाही मी."

त्याने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"त्याने बरं वाटलं का रे तुला?" रतनने विचारलं. "खरं सांग. मला झोपच लागत नाही. डोळे मिटले की वाटतं, आईचा फोन वाजतोय."

खरं सांग म्हणाला. आयतं विचारलं त्याने. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. आणि मी म्हटलं, "हो. बरं वाटलं."

"मग मला शिकव ना."

पिशवीतली डिस्क काढून मशीनमध्ये घातली. रतनने आयुष्यात कधी कंट्रोलर धरला नव्हता, मी त्याची बोटं धरून बटणांवर ठेवली. पडद्यावर नाव विचारलं. त्याने एकेक अक्षर शोधत आईचं नाव टाकलं, गंगुबाई. मग साथीदाराचं नाव विचारलं.

"हिला तुझ्या चुलतीचं देऊ," तो म्हणाला. "दोघी सोबत असू देत. काय नाव होतं रे त्यांचं?"

तो माझ्याकडे बघत थांबला.

"सखुबाई," मी म्हटलं.