मूळ जागेवर हजर

“वाचा मोठ्यानं. मागणी तुमचीच होती ना?” कालिंदी सिस्टरांनी आदेशाचा कागद माझ्या हातात दिला आणि माझ्या लेकीच्या मांडीवर, सुई टोचल्या जागी, कापूस दाबून धरला.

लेक रडून लाल झाली होती. मी वाचलं, पण मनातच. जिल्ह्यातल्या नर्सच्या सर्व प्रतिनियुक्त्या रद्द. प्रत्येकीने तात्काळ मूळ जागेवर हजर व्हावे. आज बुधवार, लसीकरणाचा दिवस, म्हणून तेवढ्या त्या थांबल्या होत्या.

आमच्या उपकेंद्राला नर्सची एकच जागा. त्या जागेवरची बाई कित्येक वर्षं प्रतिनियुक्तीवर तालुक्याच्या ऑफिसात बसून तक्ते भरते. कालिंदी सिस्टर एकट्याच पाच गावं ओढत होत्या. माझं बाळंतपण अडलं, तेव्हा त्या दुसऱ्या गावात होत्या. पोचेपर्यंत मी अर्धी मेले होते. म्हणून मी, बी.ए. झालेली सून, ग्रामसभेत उठले. ठराव माझ्याच अक्षरात : प्रतिनियुक्त्या बंद करा, आमची नर्स परत द्या. शेजारच्या गावांनी त्याचीच नक्कल काढली. धोरण बदललं त्या दिवशी सरपंच देविदासरावांनी पेढे वाटले.

कालिंदी सिस्टर स्वतःच प्रतिनियुक्तीवर आहेत, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. सात वर्षं गावात राहिलेल्या बाईला कोण विचारतं, तुमची मूळ जागा कुठली?

“आन् आमची ती परत येणारी?” गावच्या आशा सेविका भागूबाईंनी विचारलं.

“तिनं आजारपणाची रजा टाकली. सहा महिने.”

“माझी सून आठव्यात हाय. तिला कुठं नेऊ, देविदासच्या वट्यावर? तुमी आदीच काहून बोलल्या न्हाई, सिस्टर?”

“काय बोलू? ठराव बराबर होता.”

मी बाहेर जाऊन जिल्ह्याला फोन लावला. “मॅडम, तुमच्याच मागणीप्रमाणे झालंय,” पलीकडचा कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात खोच नव्हती, त्याचाच जास्त संताप आला.

तेवढ्यात जीप आली, सिस्टरांना न्यायला. सेनगावच्या पलीकडून, त्यांच्या मूळ जागेच्या गावातून. तीतून एक बाई उतरली, कडेवर पोरगं, माझ्या लेकीएवढंच.

“मी ज्योती. सात वर्सं झाली, आमच्या दवाखान्याला कुलूप हाय,” ती म्हणाली. “याला सुई टोचायची तर दिवस मोडते. म्हनलं, आपूनच जाऊन आणू सिस्टरला.” मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाली, “तुमाला तकलीफ होईन. कळतं मला.”

मला भांडायचं होतं.

सिस्टरांची लोखंडी पेटी उंबऱ्यात अडली होती. ज्योतीनं पोरगं ड्रायव्हरकडे दिलं आणि एक कडी धरली. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं.

मी लेकीला भागूबाईंकडे दिलं.

“जड हाय, ताई.”

“धरा नीट,” मी म्हणाले, आणि आम्ही दोघींनी ती जीपमध्ये चढवली.