माझा जास्तीचा दीड इंच

मी टेप बोलतेय. गाण्यांची नव्हे हो, ती बिचारी केव्हाच गेली. मी मापाची टेप. साठ इंच लांब, मेणकापडाची, दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या. एका शिंप्याच्या गळ्यात मी चोवीस वर्षं काढली. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणते.

मास्तरांनी पहिलं मशीन घेतलं त्याच दिवशी मलाही घेतलं. मशीन टेम्पोतून आलं, मी खिशातून. पण मशीन कोपऱ्यात राहिलं आणि मी गळ्यात, याचा मला थोडा तोराही होता. माणसं मी फार जवळून पाहिली. पोटाला मी लागले की श्वास आत ओढत नाही असा पुरुष मला अजून भेटायचाय. मास्तर कोणाची फजिती होऊ देत नसत. आकडा ओठांतल्या ओठांत म्हणायचे, वहीत टिपायचे आणि वर सांगायचे, "गेल्या वर्षीचंच माप आहे हो." हे साफ खोटं असायचं, पण कपडा अंगाला अचूक बसायचा.

मास्तरांची बायको पाण्याच्या टाकीच्या आवारात माळीकाम करायची. उंच टाकी, तिच्याभोवती भिंत आणि भिंतीच्या आत या बाईने वाढवलेली हिरवळ. त्यांची एकुलती एक लेक चिमी शाळा सुटली की तिथेच पडीक असायची.

चिमी पाच वर्षांची असताना एका दुपारी असा वारा सुटला की दुकानांच्या पाट्या उडाल्या. तिची आई धापा टाकत दुकानात आली. "अहो, दोरी आहे का? माझं रोप मोडतंय!"

मास्तर खण उचकत बसले. तिला कुठला धीर! तिने त्यांच्या गळ्यातून मलाच ओढलं.

"अगं, ती मापाची आहे! ताणली जाईल!"

"जाऊ दे! जरा ताणली तर काय आभाळ कोसळणारे?"

तिने रोपाशेजारी काठी रोवली आणि रोपाला तिच्याशी माझ्या विळख्याने बांधलं. आठवडाभर वारा त्या रोपाला हिसके देत होता आणि मी त्याला धरून होते. रोप जगलं. मी मात्र दीड इंचाने लांबले. माझ्या अंगावरचे आकडे तेच राहिले, त्यांच्यामधलं अंतर तेवढं वाढलं. साडेएकसष्ट इंचांची वस्तू माझ्या हिशेबी साठच भरायची.

आभाळ खरंच कोसळलं नाही. मास्तर माझ्यानेच माणूस मोजायचे आणि माझ्यानेच कापड, त्यामुळे चूक आपोआप जिरायची. वीस वर्षांत एकही कपडा परत आला नाही. मास्तरांना शंका यायचं कारणच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी चिमीची आई गेली. आजारपण लांबलं नाही, एवढंच समाधान. मास्तर त्यानंतर मला गळ्यातून काढायलाच विसरायचे, जेवतानासुद्धा.

मग चिमीचं लग्न ठरलं. मुलगा छापखान्यात कामाला, शांत, मास्तरांना आवडलेला. दोघांनाही लग्न मोकळ्यावर हवं होतं, आणि हॉलची भाडी ऐकल्यावर तर मास्तरांनाही मोकळी हवा एकदम आवडू लागली. खिसा बेताचा, पाहुणे दीडशे. बापलेक जागा बघायला निघाले.

नदीकाठचं लॉन सुरेख होतं. तिथला मॅनेजर गोड हसून म्हणाला, "जागा स्वस्तच आहे. फक्त फुलं, जेवण, दिवे, खुर्च्या सगळं आमच्याकडूनच घ्यायचं."

"म्हणजे नवरामुलगा तेवढा आमचा," चिमी म्हणाली. मास्तरांनी हसू दाबत तिला बाहेर काढलं.

रोपवाटिकेच्या मालकाने जागा देऊ केली, पण कुंड्या हलवायच्या नाहीत असं बजावलं. दीडशे माणसं आठशे कुंड्यांमधून वाट काढत जेवताहेत हे चित्र मास्तरांना काही झेपलं नाही. क्रीडा मंडळाच्या मैदानाच्या कडेची एक पट्टी मात्र रिकामी होती आणि आठवड्याच्या मधल्या वारी परवडण्यासारखी होती. तिथे सावली नव्हती आणि शोभाही नव्हती.

परत येताना चिमी हळूच म्हणाली, "बाबा, टाकीच्या आवारात नाही का जमणार?"

मास्तर थबकले. मला वाटतं, त्यांच्याही मनात तेच होतं.

टाकीच्या पंपावर काम करणारे काका चिमीला लहानपणापासून ओळखत होते. "भाडं कसलं मागतेस? तुझ्या आईचीच जागा आहे," ते म्हणाले. फक्त तंबू मावायला हवा होता. तंबूवाल्याने बजावून ठेवलं होतं: सगळ्यात लहान तंबूलाही चाळीस फूट लागतात, त्यात इंचाचीही तडजोड नाही.

एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला ते झाड. हो, तेच रोप. आता त्याचं खोड दोन्ही हातांच्या कवेत मावत नव्हतं.

चिमीने माझं पितळी टोक भिंतीला धरलं. मास्तर गुडघ्यांवर बसून मला गवतावर अंथरत, खूण करत, उचलत पुढे सरकले. माझा जीव टांगणीला लागला. मास्तर, माझं ऐकू नका हो, मला अंथरता तेवढ्या वेळा दीड-दीड इंच जमीन हरवतेय! पण मला आकडे आहेत, तोंड नाही.

"एकोणचाळीस फूट, वर एक इंच," मास्तर म्हणाले.

"पुन्हा मोजा ना, बाबा."

पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं.

काका डोकं खाजवत म्हणाले, "हे एक झाड काढलं तर बसेल बघ. मी परवानगी आणतो."

चिमीने खोडावर हात ठेवला. "आईचं झाड तोडून आईच्या बागेत लग्न करू? राहू दे, काका." एवढं बोलून ती फाटकाकडे चालायला लागली. मास्तरांनी मला गुंडाळून खिशात घातलं.

मैदानाची पट्टी ठरली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तंबूवाला मैदानावर आला. मास्तर त्याला म्हणाले, "साडेअठ्ठावन्न फूट आहे, मी मोजलंय." त्याने आपली पोलादी टेप सोडली आणि मान हलवली.

"साठ आहे, मास्तर. बघू तुमची?" त्याने मला पोलादी टेपेशेजारी ताणून धरलं. "ही तर सैल पडलीय! दीड इंच खाते ही. कपड्यांना चालून जात असेल, जमिनीला नाही चालायची."

मास्तरांनी पोलादी टेप तासाभरासाठी मागून घेतली आणि तडक टाकीचं आवार गाठलं. भिंतीपासून झाडापर्यंत एकट्यानेच मोजलं. चाळीस फूट, वर एक इंच. ते तिथेच झाडाला टेकून बसले, मला बाहेर काढून मांडीवर घेतलं आणि लहान मुलासारखे रडले. मला फेकून दिलं असतं तरी मी समजू शकले असते.

चिमीला त्यांनी सांगितलं नाही. लग्न छान झालं. ऊन फार होतं, पण सगळे पोटभर जेवले. चिमी हसत होती, आणि मधूनच मैदानापलीकडे दिसणाऱ्या टाकीकडे बघत होती. ते मास्तरांनी पाहिलं आणि मीही, कारण त्या दिवशीही मी त्यांच्या खिशात होते.

त्यानंतर नवी टेप आली आणि मी खणात गेले. मग एक गंमत झाली. वहीतली जुनी मापं माझी होती आणि कापड मोजायचं नव्या टेपेने, त्यामुळे सगळ्या गिऱ्हाइकांना कपडे घट्ट व्हायला लागले. निम्म्या वस्तीने रात्रीचं जेवण कमी केलं.

महिन्याभराने चिमी माहेरी आली. मास्तरांनी तिच्यासाठी कुर्ता शिवून ठेवला होता. तो तिच्या दंडात अडकला.

"बाबा, मी जाड झाले की तुमची टेप बारीक झाली?"

मास्तरांना हसू येईना. त्यांनी खणातून मला काढलं आणि नव्या टेपेशेजारी टेबलावर ठेवलं. चिमीने माझं पुढे आलेलं टोक पाहिलं. शिंप्याचीच मुलगी ती, तिला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे टाकीचं आवार..."

"पुरत होतं, चिमे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आदल्या दिवशी. तंबू मैदानावर येऊन पडला होता गं. तुला सांगून फक्त रडवलं असतं."

ती कितीतरी वेळ माझ्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "आईनेच ताणली होती ना ही? त्या वाऱ्यात?"

"हो. मी ओरडलो होतो तिला."

"बरं झालं तिने ऐकलं नाही," चिमी म्हणाली. "ऐकलं असतं तर जागा पुरली असती, पण झाड कुठे असतं?" आणि ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मास्तरही रडले. या सगळ्यात त्या दोघांचं एवढं एकच रडणं एकत्र झालं.

आता मी चिमीच्या कपाटात असते, साड्यांच्या खाली. इथे मला कोणी काही मोजायला लावत नाही. कपाट उघडलं की खिडकीतून वारा येतो आणि मला ते हिसके आठवतात. चोवीस वर्षांत मी हजारो माणसांना वेढे घातले, पण जीव अडकला तो त्या एका रोपात.

चिमे, एकदा मला तिकडे ने आणि त्या झाडाला बांध. मी पुरणार नाही म्हणतेस? अगं, जरा ओढ. मी अजून ताणले जाईन.