विहिरीच्या वाटेवरची थाइम

मित्रांनो, मी एक म्हातारी थाइम आहे. उंच वाढणारी नव्हे, जमिनीला बिलगून पसरणारी. माझी पाने मसुराच्या दाण्याहून लहान. चुरडलीत तर तुम्हांला ओव्याची आठवण येईल. सर्बियातल्या आमच्या डोंगरगावात मला 'आईचा जीव' म्हणतात.

स्तामेंकाने लग्नानंतर मला माहेरच्या माळावरून आणले, ओल्या फडक्यात गुंडाळून. दारापासून विहिरीपर्यंत चपट्या दगडांची वाट होती. तिने दगडांच्या फटींत खडी आणि वाळू भरली, माझे तुकडे केले आणि एकेक तुकडा दाबून लावला.

"थोडं शेण तरी घाल गं," सासू म्हणाली.

"हिला लाड सोसत नाहीत, आई."

पहिल्या उन्हाळ्यात तिने माझ्यात गवताची काडी राहू दिली नाही. पुढे मीच इतकी दाट झाले की गवताला जागा उरली नाही. जूनमध्ये वाट जांभळी होई. फुले सरली की स्तामेंका कात्रीने मला भादरी आणि कापलेले माळ्यावर वाळत घाली. हिवाळ्यात शेजारीपाजारी कोणी खोकले की माझा चहा जाई. तिचा नवरा वितोमिर सुतार होता. तो बुटांनी मला तुडवत ये-जा करी. त्याचे मला काही वाटत नसे. पाऊल पडले की माझा वास उठतो.

मग एका मार्चमध्ये स्तामेंका वारली. माणसे आली, रकिया दारूचे पेले रिकामे करून गेली. वितोमिर रडला नाही. त्याने रंधा खुंटीला अडकवला तो पुन्हा काढला नाही. लेक यागोदा ऑस्ट्रियातून आली होती, तिच्याशीही तो हवापाण्यापुरते बोलला.

ती परत गेल्यावर त्याने एकच काम धरले. रोज सकाळी विहिरीचे पाणी काढायचे आणि माझ्यावर ओतायचे. ऊन असो, पाऊस असो. चेहऱ्यावर काही नसे. बायकोच्या हातचे जपायचे, एवढेच त्याला सुचले असावे.

फटींत चिखल साचला. मी मधोमध काळी पडले, फांद्या मऊ झाल्या. माझा रंग उतरलेला पाहून तो दुसरी बादली ओतू लागला. पुढे मला काही जाणवेनासे झाले. पाणी पडे, इतकेच. त्याचेही तसेच चालले असावे.

उन्हाळ्यात यागोदा आली. वाट शेवाळलेली पाहून म्हणाली, "बाबा, पडाल एखाद्या दिवशी. काँक्रीट टाकून घेऊ या. गवंड्याशी बोलू?"

"बोल."

"आईची वाट आहे, म्हणून विचारते."

"मेलीय ती. टाक."

ती म्हणजे मी की स्तामेंका, हे यागोदाने विचारले नाही.

गवंडी माप घेऊन गेला, त्याच दुपारी शेजारची कोसाना म्हातारी चहासाठी मूठभर थाइम मागायला आली. वितोमिरच्या हातात बादली होती. तिने खाली पाहिले.

"अरे, हे काय चालवलंयस?"

"पाणी घालतोय."

"बुडवतोयस तिला. बायकोनं हिला कधी पाणी घातलेलं पाहिलंस?"

वितोमिरने बादली खाली ठेवली. "तिला काय करताना पाहिलं मी?" तो म्हणाला.

"मग आता बघ. बस खाली. गुडघ्यांचं नाव काढू नकोस, माझे तुझ्यापेक्षा जुने आहेत."

दोघांनी कुजलेले उपटून टाकले. त्याने चिखल खरवडला, खडी भरली. विहिरीकडच्या उन्हात माझ्या चार फांद्यांनी मुळे धरलेली होती. कोसानाने दाखवले तशा त्याने त्या अंगठ्याने दाबून बसवल्या. मग हात झटकायला गेला आणि थांबला. तळवे नाकाशी धरून तसाच बसून राहिला.

यागोदा कॉफी घेऊन बाहेर आली. "बाबा, काय झालं?"

"तुझ्या आईच्या रुमालाला हा वास यायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं, साबणाचा आहे."

यागोदा त्याच्याजवळ दगडावर बसली. कॉफी निवून गेली. संध्याकाळी तिने गवंड्याला येऊ नको म्हणून सांगितले.

आता निम्मी वाट माझी आहे, निम्मी अजून उघडी. वितोमिर मला पाणी घालत नाही. फुले सरली की वाकून कापतो, वेडेवाकडे कापतो. रंधा अजून खुंटीलाच आहे. कधी कधी तो माझ्याशेजारी नुसता बसतो. मीही बरीचशी बधिरच आहे, पण मुळे खाली उतरत आहेत.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. मला ऊन द्या, खडी द्या, पाणी बेताने घाला. आणि तुमच्या घरात जो कोणी वाकून काही करत असेल, त्याच्याशेजारी आजच जाऊन बसा. काय करतो आहे, ते विचारा.