हळदीचं कुंकू

“आईचा उदो उदो!” निघोज्यापुढच्या वाडीत देवळापासून डांबरी रस्त्यापर्यंत रांग. शिफ्ट सुटलेली माणसं कंपनीच्या कपड्यांतच उभी. भगत सोपानराव हळद माखलेल्या मूर्तीवर हापशाचं पाणी ओतायचा आणि पिवळी हळद लाल व्हायची. “आईनं हळदीचं कुंकू केलं! तीर्थ घ्या, आजार पळाला म्हणून समजा. दानपेटी डाव्या हाताला!” मग याच्या स्वतःच्या गुडघ्याला पट्टा कशाला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मी शेखर, चाकणच्या एका साप्ताहिकाचा संपादक. देवदेवस्की मानत नाही. तरी पहिल्या पानावर फोटो छापला. अंक हातोहात खपला.

त्याच आठवड्यात वाडीच्या शाळेतल्या योगिनीबाई पाण्याचा तपासणी अहवाल घेऊन आल्या. “सर, कंपनीचा टँकर बंद बोअरमध्ये कॉस्टिकचं, म्हणजे जहाल खाराचं पाणी सोडतो, मी पाहिलंय. तेच हापशाला येतंय. तहसीलदार साहेबांना दोन अर्ज दिले. तुम्ही छापलंत तर हलतील.”

मी साहेबांना फोन लावला. “छापा की,” ते गोड आवाजात म्हणाले. “सरकारी जाहिराती मग दुसऱ्या पेपरला देऊ.” मी अहवाल ड्रॉवरमध्ये टाकला. पुढच्या अंकात बघू म्हणता म्हणता तीन अंक गेले.

मग वाडीतल्या गवराबाईच्या चार वर्षांच्या नातीला, मिनलला, जुलाब लागले. आजीनं दवाखान्याऐवजी दोन दिवस तीर्थ पाजलं. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

दहाव्यानंतर योगिनीबाईंनी देवळासमोर दोन बादल्या ठेवल्या. मीही गर्दीत होतो. “हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?”

“लाल व्हतोय की,” बाया म्हणाल्या.

बाईंनी बाहेरगावाहून आणलेल्या चांगल्या पाण्यात हळद टाकली, ती पिवळीच राहिली. हापशाच्या पाण्यात टाकली, लाल झाली. “साबणातला खार या पाण्यात आहे. कंपनीनं सोडलेला.” रोज धुणं धुणाऱ्या त्या बायकांनी तांब्यातलं तीर्थ तिथंच ओतून दिलं. सोपानराव केव्हाच सटकला होता.

गवराबाईनं माझ्यापुढं येऊन कनवटीची घडी सोडली. माझ्याच पेपरचं कात्रण होतं. “बाई खरं बोलत्यात, भाऊ. पन ह्ये पेपरात आलं व्हतं, फोटूसकट. छापल्यालं खोटं कसं आसंल? म्हनून म्या पाजलं.”

मी ऑफिसला आलो आणि ड्रॉवरमधला अहवाल काढला.

त्या आठवड्यात अहवाल छापला. जाहिराती गेल्या, हापसा बंद झाला. मिनल काही परत आली नाही.

वाचकहो, चमत्कार दिसला की तो कशानं होतो ते विचारा. साहेब गप्प असेल तर त्याला विचारा, आणि पेपर गप्प असेल तर संपादकालाही विचारा. मला त्या तीन आठवड्यांत कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं हो.